बर्फ पडेल साडेआठ वाजता

महिनाभर चौकात तो फलक होता:
नाताळ विशेष रात्र. बर्फ पडेल. बरोबर साडेआठ वाजता.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
रोजचं तिकीट चालणार नाही,
वर्षाचा पास चालणार नाही,
बाहेरचं खाणं चालणार नाही.

माणशी नऊशे.
मी पतसंस्थेच्या पगारातून भरले
आणि घरी सांगताना हजार कमी सांगितले.
तरी आईने कपाळाला हात लावलाच.
बाबा म्हणाले, "बर्फ बघायला पैसे?"
आणि बराच वेळ हसत राहिले, खोकला लागेपर्यंत.

एकतीस वर्षं बाबा मिरकरवाड्याच्या बर्फ फॅक्टरीत.
खांद्यावर गोणपाट, हातात आकडा,
लादी ओढायची, क्रशरच्या तोंडात ढकलायची,
खाली लाँचवाले ओरडत असायचे.
उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कधीच मेली.
चहा गरम आहे का
ते डाव्या हाताने बघतात.

फाटकावर लाकडी जिराफ. त्याच्या गुडघ्यापर्यंत फुकट,
मानेपर्यंत अर्धं.
वहिनी पुटपुटली, "वाक गो जरा."
पण पृथा टाचा उचलून उभी राहिली,
वेणीसकट जिराफाच्या कानाला लागली
आणि पूर्ण तिकिटाची झाली. किती खूश!

मनगटावर हिरव्या कागदाच्या पट्ट्या.
बाबांची पट्टी दोनदा चिकटवावी लागली,
ओल्या कातडीला काही धरत नाही म्हणाला तो पोरगा.
सुरूच्या झाडांना दिव्यांच्या माळा,
लाल कोटातला सांताक्लॉज घामाने निथळत होता,
ओळखलं मी, फणसोपचा रिक्षावाला.
पाळण्यासाठी पाऊण तास रांग.
वर गेलो तेव्हा समुद्र काळा
आणि त्यात लाँचांचे दिवे, ठिपका ठिपका.
आईने डोळे मिटलेले.
बाबा बोट दाखवत होते, तेच, मेलेलं:
"ती बघ, आपला बर्फ घेऊन गेली दुपारी."

साडेआठला मोठ्ठं गाणं लागलं.
खांबांवरची यंत्रं घरघरली
आणि पडू लागलं पांढरं, मऊ,
माणसांच्या केसांवर, वड्याच्या प्लेटीत,
वहिनीच्या हातातल्या फोनवर,
ज्यात दादा होता, जहाजावर, अर्धा गोठलेला,
तोंड उघडं, नेटवर्क गेलेलं.
पृथा गरगर फिरत होती.
मग तिच्या डोळ्यांत गेलं आणि झोंबलं.

बाबांनी तळहातावर थोडं घेतलं,
नाकाशी नेलं. साबण.
कोणाला दोष द्यावा तसं नाही,
एखाद्या नव्या कामगाराची लादी तपासावी तसं म्हणाले,
"वितळत नाय हा. नुसता फुटतो."

मला राग आला. साडेचार हजारांचा
आणि त्या वाक्याचाही.

परतताना त्यांनी सहाआसनी जेटीकडे वळवायला लावली.
रात्रपाळी चालू होती. अमोनियाचा तोच वास,
लहानपणी ज्याला मी बाबांचा वास समजायचे.
नझीरचाचांनी काही विचारलं नाही,
खटका दाबला फक्त.
पन्हळीतून धडधडत आला चुरा,
लाँचच्या पोटात कोसळला,
त्याची धूळ उडाली, खरी, बोचरी,
पृथाच्या पापण्यांवर बसली आणि पाणी झाली.
आई पदर गुंडाळून दूर उभी. वहिनी म्हणत होती, सर्दी होईल.
बाबा पृथाच्या तोंडाकडे बघत होते,
मीही.

"छान आहे," ती म्हणाली, दात वाजवत.
"पण इथे गाणं नाही."

बाबा इतके हसले, की पुन्हा खोकला.

आमच्या पट्ट्या त्या रात्रीच कापल्या गेल्या.
बाबांनी त्यांची ठेवली.
"पैसे भरलेत ना," म्हणाले.
सोमवारी तीच बांधून कामावर गेले.
मिठाच्या पाण्याने आधी हिरवा रंग गेला,
मग अक्षरं.
नवव्या दिवशी कुठल्या तरी लादीला चिकटून
ती समुद्रात गेली असावी.
घरी आल्यावर हात धुताना त्यांनाच कळलं,
तेही डाव्या हाताने.